उसना जागर

"एकशे आठ तास," पडद्यावरची रेघ बोटानं मोठी करत तांबोळी म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"म्हणजे एक माळ पुरी झाली," पलंगावर मांडी घालून बसलेली रेणुका म्हणाली. "मेरुमणी ओलांडायचा नसतो. आता उलटं फिरायला पाहिजे."

कुणी हसलं नाही. मिरजेबाहेरच्या त्या निद्रासंशोधन केंद्रात गेले काही दिवस कुणीच हसत नव्हतं. डॉ. सुहासिनी मगदूम यांनी रेणुकाच्या मांडीवर एक कागद ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. आज दुपारी चार वाजता रुग्णाच्या मेंदूतलं जागरोप लेसरनं जाळून टाकावं आणि त्याला रुग्णाची संमती आहे, असं त्या कागदावर लिहिलं होतं.

रेणुकानं तो दोनदा वाचला. एकशे आठ तास तिचा डोळा लागला नव्हता आणि तरी झोपेचा मागमूस नव्हता. फक्त बोटं थरथरत होती, आणि भिंतीवरची पाल मधूनच दोन दिसत होती.

मालेवाडीच्या गुरवांची ही मुलगी. वडिलांचा गळा तिला आला आणि त्यांचा पखवाज मोठ्या भावाकडे, मल्हारीकडे गेला. विसाव्या वर्षी ती कीर्तनाला उभी राहिली आणि त्याच वर्षी झोपेनं तिला गाठलं. जेवताना घास हातात राहायचा. बसमध्ये बसली की उतरायचं गाव मागं पडायचं. त्याहून विचित्र गोष्ट हसण्याची होती. मनापासून हसू फुटलं की गुडघ्यांतलं बळ जायचं, मान लुळी पडायची आणि पूर्ण शुद्धीत असतानाच ती जमिनीवर घडी होऊन पडायची. सगळं ऐकू यायचं, बोट मात्र हलायचं नाही. पहिल्यांदा भर कीर्तनात असं झालं तेव्हा बाईंना भाव लागला म्हणून लोकांनी तिच्या पायांवर डोकी ठेवली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा कुणीतरी वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. तिला दोन्हींची सारखीच लाज वाटली.

नऊ वर्षं अंगारे झाले, टॉनिकं झाली, 'रात्री मोबाइल बघत असणार' हेही ऐकून झालं. मग मगदूमबाईंनी तिला एक रात्र आणि एक दिवस डोक्याला तारा लावून निजवलं आणि सांगितलं, नार्कोलेप्सी. मराठीत त्या तिला झडपनिद्रा म्हणत, आणि हसताना पडण्याला भावपात. मेंदूच्या तळाशी जागरस तयार करणाऱ्या मूठभर पेशी असतात; रेणुकाच्या शरीरानं त्या परक्या समजून मारून टाकल्या होत्या. जागेपणाचा टेकूच गेला, त्यामुळं झोप वाटेल तेव्हा आत शिरत होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या दिवशी ती खूप रडली. आपल्याला जे होतं त्याला नाव आहे, एवढ्यानंच रडली.

पुढं ती या आजारासोबत राहायला शिकली. सकाळच्या गोळ्या, दुपारच्या ठरावीक डुलक्या. कीर्तनात मध्ये गजर लागला की मल्हारी पखवाजावर पंधरा मिनिटं तो लावून धरायचा आणि ही मंडपामागं सतरंजीवर झोपून घ्यायची. श्रोत्यांना हसवताना ती मनातल्या मनात एकोणतिसाचा पाढा म्हणायची, म्हणजे स्वतःला हसू येत नसे. मंडप हसून लोळायचा आणि ही दगडासारखी उभी. लोकांना वाटायचं, बाईंची ही शैलीच आहे.

"मला परत एकदा सांगा," ती आता म्हणाली. "अर्थ लागल्याशिवाय मी पान उलटत नाही."

मगदूमबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "जागरोप म्हणजे तुमच्याच कातडीतून वाढवलेल्या, जागरस करणाऱ्या पेशी. त्या स्वतःहून काही करत नाहीत. केसाएवढ्या प्रकाशतंतूतून उजेड दिला की रस सोडतात. उजेड कधी द्यायचा, हा प्रश्न होता."

"आधीच्या रुग्णांना आम्ही घड्याळ लावलं होतं," तांबोळी म्हणाले. ते केंद्राचे यंत्रज्ञ, पन्नाशी ओलांडलेले, तोलून बोलणारे. "सकाळी सहाला चालू, रात्री दहाला बंद. माणसं जागी राहिली, पण ट्यूबलाइटसारखी. दारात साप आला तरी तेवढीच जागी, आणि पूजेला बसली तरी तेवढीच. खरा जागेपणा भूक, भीती, काम, आनंद बघून कमीजास्त होत असतो. ते यंत्राला जमेना."

"म्हणून समजागर," मगदूमबाई म्हणाल्या. "रुग्णाबरोबर तेच आयुष्य जगणारा एक निरोगी माणूस घ्यायचा. त्याच्या डोक्यावर टोपी. टोपी त्याच्या जागरसाचे चढउतार ओळखते आणि तुमच्या कवटीतल्या ग्राहिकेला कळवते. मल्हारीदादा जागे, तर तुम्ही जाग्या. रस चढायला क्षण पुरतो, ओसरायला पाव तास लागतो. ते झोपले की पाव तासानं तुम्ही."

हे चार महिन्यांपूर्वी झालं, आणि ते चार महिने रेणुकाला कुणी विचारले तर ती नुसती हात जोडते. पहिल्याच कीर्तनात पाढा न म्हणता ती स्वतःच्या विनोदावर हसली, आणि उभी राहिली. मल्हारीचा हात पखवाजावर तसाच थांबला. सगळ्या मंडपाला वाटलं, सम चुकली.

मग आठवड्यापूर्वी एका दुपारी जेवून भिंतीला टेकल्या टेकल्या मल्हारीचा डोळा लागला. पाव तासानं रेणुका देवळाच्या पायऱ्यांवरून तांब्यासकट कोसळली आणि तिचं डावं मनगट मोडलं. तिला निरीक्षणासाठी इथं आणलं गेलं. घरी मल्हारीला एक खूणदिवा दिला. दिवा लख्ख म्हणजे बहीण जागी, मंद म्हणजे पेंगतेय, विझला म्हणजे झोपली. तेव्हापासून तिची झोप आधी तासावर आली आणि नंतर उरलीच नाही.

"दादा रात्री टोपी काढून ठेवतात," तांबोळींनी रेघ दाखवली. "टोपी खुंटीला टांगली की तिचं कळवणं थांबतं आणि पडद्यावरची रेघ वर जाऊन सपाट होते. ही बघा, दहा ते सहा, रोज सपाट. म्हणजे रात्री तुम्हाला बाहेरून कुणी जागवत नाही. तरी तुम्ही जाग्या. जागरोप स्वतःच रस सोडायला लागलंय. मोकाट सुटलंय ते."

"काल दुपारी झोपेची सुई दिली," मगदूमबाई म्हणाल्या. "पापण्या जड झाल्या आणि सहाव्या मिनिटाला तुम्ही ताडकन उठून बसलात. एवढा रस मी कधी पाहिला नाही. आणखी दोन दिवस असेच गेले तर तुमचं हृदय सांभाळणं माझ्या हातात नाही."

"आणि जाळलं तर पुन्हा लावता येईल?"

"नाही. त्या जागी सुई एकदाच जाते."

रेणुकानं पेन उचललं. टोपण काढलं, परत लावलं. "सही करते. आधी दादाशी बोलू दे."

"मी रोज सकाळी बोलतो त्यांच्याशी," तांबोळी म्हणाले. "झोप झाली का विचारतो. ते म्हणतात, माउलीची कृपा. मी 'ठीक' लिहितो."

फोन शैलावहिनींनी उचलला आणि पहिलाच प्रश्न केला, "वन्सं, तुम्हाला झोप लागली का?"

"नाही वहिनी. दादा कुठं आहे?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज झाला आणि वहिनींचा आवाज बारीक झाला. "देवघरापुढं बसलेत. मला शपथ घातलीया, पण आता सांगते. तुमचा दिवा विझल्याबिगर डोळं मिटणार न्हाई म्हणालेत. माझा डोळा लागला आणि रेणू पडली, हेच एक धरलंय. पाच दिवस झालं, वन्सं. मी म्हणते, ती तिकडं डाक्टरांच्यात आहे, तुम्ही पडा घटकाभर. ऐकत न्हाईत. तुम्ही एकदा झोपला असतासा तर हे पण झोपलं असतं."

रेणुकानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "काल दुपारी काय झालं?"

"दिवा बारीक झाला तसं अनवाणी पळत सुटलं हायवेकडं. रेणू पडली, रेणू पडली. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलं. आज सकाळपासनं फरशीवर पाणी भरलंय म्हणतात. पाय वर घेऊन बसलेत. घरात थेंब न्हाई पाण्याचा."

तांबोळींनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कालची रेघ काढली. दोन वाजून बारा मिनिटांनी रेणुकाची पापणी मिटू लागली होती. दोन अठराला टोपीची रेघ आकाशाला भिडली होती.

"टोपी खुंटीला नव्हतीच," ते म्हणाले. "रात्रभर सपाट आणि उंच. तो जागा माणूस होता. पाच रात्री."

मगदूमबाईंनी संमतीपत्र रेणुकाच्या मांडीवरून हळूच काढून घेतलं. "जागरोपात काही बिघाड नाही. त्याला जे सांगितलं तेच ते करतंय."

"तो माझ्या झोपेची वाट बघतोय," रेणुका म्हणाली, "आणि मी त्याच्या."



"जोड आत्ता तोडतो," तांबोळी खुर्चीत पुढं सरकले. "पाव तासात तुम्हाला झोप लागेल. तिकडं दिवा विझेल, ते झोपतील."

"भरदुपारी दिवा विझला तर झोपतील व्हय हे?" फोनमधून वहिनी म्हणाल्या. "आता पळालं तर मला आवरायचं न्हाईत."

"ते पळतील किंवा जागीच कोसळतील," मगदूमबाई म्हणाल्या. "पाच दिवस न झोपलेलं हृदय आहे. त्याला असला धक्का देता येणार नाही."

रेणुकानं वहिनींना सांगून फोन भावाच्या कानाला लावायला लावला.

"दादा, टोपी काढ आणि झोप. तू जागा आहेस म्हणून मला झोप येत नाही."

"असं का," मल्हारीचा आवाज सावकाश, लांबून येत होता. "डाक्टरीणबाईंनी शिकवलं का हे बोलायला? लहानपणी ताप आला की मला असंच बोलायचीस. दादा, मला बरं वाटतंय, तू खेळायला जा."

"खोटं नाही बोलत मी."

"मग तू आधी झोप. मी बघतो, आणि मग झोपतो. सोपं आहे की."

"तेच होत नाही रे. टोपी काढ."

त्यानं पखवाजावर एक हलकी थाप दिली. मग म्हणाला, "सप्ताहात वीणा गळ्यात असली आणि पुढचा पहारेकरी आलाच नाही, तर ती खाली ठेवतात का गं?"

 नामसप्ताहाची वीणा सात दिवस, सात रात्री जमिनीला टेकवत नाहीत, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. दोन दोन तासांचे पहारे लावलेले असतात. पुढचा येतो, वीणेकऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. तोवर आधीच्यानं उभं राहायचं. ओढ्याला पाणी आलं त्या वर्षी पुढचा माणूस पलीकडं अडकला, तेव्हा मल्हारी अकरा तास उभा होता. तांबोळी त्याला टोपी काढायला सांगत होते. टोपी कुणाला द्यायची, हे चार महिन्यांत त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

तिनं फोन ठेवला आणि पाय पलंगाखाली सोडले. "गाडी काढा. पहारा बदलायला माणूस समोर जावा लागतो."

मालेवाडी बावीस किलोमीटर. रेणुकाला रुग्णवाहिकेत पट्टा लावून बसवलं, समोर मगदूमबाई, शेजारी मांडीवर ग्राहिकेचा पडदा घेतलेले तांबोळी. सांगलीचा फाटा ओलांडला आणि रेणुकाच्या अंगातून एक झटका गेला. छाती धडधडली, तळहात भिजले, रस्त्याकडेच्या उसाचं पान न् पान लख्ख दिसू लागलं.

"काय झालं?"

"दादा डुलकला आणि दचकून जागा झाला." तिनं सांगितलं तेव्हा तिचे दात वाजत होते. "मला कळतं."

तांबोळींनी वेळ टिपली. दुसरा झटका आठ मिनिटांनी आला. मग पाचांनी. मग तीनांनी. प्रत्येक झटक्याला मगदूमबाईंचं बोट रेणुकाच्या नाडीवर होतं, आणि तिघांच्याही मनात दुसऱ्याच एका नाडीचा विचार होता. ती मोजायला तिथं कुणी नव्हतं.

पुलाजवळ बैलगाड्या अडल्या होत्या. चालकानं भोंगा वाजवला. झटका आला नाही.

चार मिनिटं गेली. सहा गेली. रेणुका बोटांवर मोजत होती. दहाव्या मिनिटाला तिला जांभई आली. पाच दिवसांतली पहिली जांभई.

"झोपले असतील," तांबोळी म्हणाले.

"झोपले असतील," मगदूमबाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

तांबोळींनी वहिनींना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. रेणुकाच्या पापण्या उतरू लागल्या, मान खांद्यावर आली. भाऊ झोपला असला तर ही झोप गोड. तसं नसलं, तरीसुद्धा शरीराला नेमकं असंच वाटणार होतं. ग्राहिकेला दोन्हींतला फरक कळत नाही. डोळे मिटू नयेत म्हणून तिनं प्लास्टरातलं मनगट दुसऱ्या हातानं दाबलं. कळ डोक्यात गेली.

वेशीची कमान दिसली आणि झटका आला. इतका जोराचा की पट्ट्यात ती जागच्या जागी उसळली. "आहे," ती म्हणाली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. "आहे, चला लवकर."

मल्हारी देवघरासमोर पाटावर पाय वर घेऊन बसला होता. मांडीवर पखवाज, डोक्यावर टोपी, समोर खूणदिवा लख्ख. चेहरा राखेसारखा. वहिनी पंख्यानं वारा घालत होत्या. त्यांचा फोन चुलीपाशी वाजून वाजून थांबला होता. मल्हारीनं बहिणीकडं बघितलं, मग दिव्याकडं, मग परत बहिणीकडं.

"पाण्यातनं आलीस?"

"हो. गुडघाभरच होतं." ती कोरड्या फरशीवर साडी किंचित उचलून चालत आली. "वहिनी, सतरंजी टाका माझ्यासाठी."

सतरंजी पडली. रेणुका तिच्यावर नीट बसली, पाय पसरले, उशी जवळ ओढली. "बघ. आता मी इथून कुठं पडणार? जमिनीवरचा माणूस कुठं पडतो का? सतरा वर्षं पडत आलेय मी, दादा. पडायच्या आधी बसायचं असतं, एवढं मला येतं. त्या दिवशी पायऱ्यांवर मला बसायला सुचलं नाही, ती माझी चूक."

"डोळा माझा लागला होता."

"माणसाचा डोळा लागतो." उजवा हात पुढं करून तिनं त्याच्या पायांना लावला आणि कपाळाला लावला. "माझा पहारा आला. दे."

मल्हारी कितीतरी वेळ तिच्या हाताकडं बघत राहिला. मगदूमबाई उंबऱ्यात थांबल्या होत्या. त्यांनी तांबोळींचा दंड धरून ठेवला होता.

"उभी राहशील?" त्यानं विचारलं.

"पाव तास राहीन."

"आणि मग?"

"मग झोपेन. खाली ठेवायची वेळ आली तर मी ठेवीन. दोष लागला तर मला लागू दे."

त्यानं मान वाकवली. एका हातानं तिला टोपी निघेना. पट्टा कानामागं अडकला होता. वहिनींनी तो सोडवला. टोपी रेणुकाच्या हातात आली आणि ती नीट धरायच्या आत मल्हारी भिंतीकडं कलला. वहिनींनी मांडीवरचा पखवाज उचलला, तेव्हा तो घोरत होता.

मगदूमबाईंनी त्याच्या छातीला यंत्र लावलं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. "ठोके चुकतायत," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आता कमी चुकतायत. झोपू दे. मी इथंच बसते."

रेणुका बसूनच होती. झोपलेल्या भावाशेजारी आपण जाग्या बसलोय, असं चार महिन्यांत कधी झालं नव्हतं. तिनं त्याच्या अंगावर पदराचं टोक घातलं.

"उद्या ही टोपी कुणाच्या डोक्यावर?" वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या न्हाई. मी आधीच सांगून ठेवते."

"ग्राहिका एकाच माणसाची चाल ओळखते," तांबोळी म्हणाले. "नवा माणूस शिकवायला तीन आठवडे लागतात."

"एकाला तीन. मग बारा जणांना?"

तांबोळींनी खिशातली वही काढली. "बारा जणांना एकदम शिकवलं तरी तीनच," ते सावकाश म्हणाले. "आम्हाला असं कुणी विचारलंच नाही. आम्ही स्वतःलाही विचारलं नाही."

"मग लिहा की. दोन दोन तासांचं पहारं. सहा ते आठ मी. आठ ते दहा शेजारची हौसाक्का, ती तशीबी कुणाला झोपू देत न्हाई."

"तीन आठवडे माझ्या जुन्या गोळ्या घेईन," रेणुका म्हणाली. जीभ जड होत चालली होती. "आणि वहिनी, दुपारी दोन ते तीन कुणाचं नाव घालू नका. रात्री दहानंतर पण नको. कुणीच जागायचं नाही."

"न्हाई घालत. पडा तुम्ही."

ती उशीवर आडवी झाली. तांबोळींनी वहीचं पान फाडून चार रेघा ओढल्या होत्या. दहा ते बारा पोस्टातले इरगोंडाअण्णा. बारा ते दोन शाळेच्या बाई. तीन ते पाच कोण, यावर वहिनी अडल्या, आणि मग म्हणाल्या, बाबालाल टेलर, त्याचं दुकान समोरच आहे. रेणुकाला सांगायचं होतं की बाबालाल नको, तो कीर्तनात पहिल्या अभंगालाच पेंगतो, सतरा वर्षं बघतेय मी त्याला. पण ओठ हलले नाहीत, आणि तोवर तांबोळींनी नाव लिहून टाकलं होतं.